सापाला जंताचे औषध देण्याआधी विष्ठा तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर गुरांना जंताचे औषध पाजण्याची आपल्याकडची रीत योग्यच आहे; परंतु घरात पाळलेल्या सापालाही तेच औषध अंदाजाने पाजल्यास काय होऊ शकते, हे मी स्वतः अनुभवले असल्याने हे पत्र लिहीत आहे. नाग, धामण किंवा आपल्याकडचा अजगर पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे त्यांचा येथे प्रश्नच नाही. मी लिहिते आहे ते मूळच्या आफ्रिकेतील बॉल पायथन या बिनविषारी अजगराविषयी, ज्याची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

राजारामपुरीतील आमच्या घरी अशी नोंद केलेली एक मादी आहे. गेल्या वर्षी ती नियमित खाऊनही खंगू लागली, दोनदा तिने गिळलेला उंदीर उलटून टाकला आणि तिची विष्ठा पातळ, बुळबुळीत व उग्र वासाची होऊ लागली. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी गुरांची फेनबेंडाझोल या जंताच्या औषधाची दीड ग्रॅमची गोळी कुटली आणि त्यातली चिमूटभर पूड पाण्यात कालवून ड्रॉपरने तिच्या तोंडात सोडली. या कृत्याचा मला आजही पश्चात्ताप होतो. पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी तिचे वजन केले, ते १,२०० ग्रॅम भरले. किलोमागे ५० मिलिग्रॅम या हिशेबाने त्यांनी ठरवलेली मात्रा ६० मिलिग्रॅम, म्हणजे त्या गोळीचा पंचविसावा भाग होती. माझ्या चिमटीत किती औषध होते, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. हे औषध प्रमाणाबाहेर गेले तर सापाच्या अस्थिमज्जेला इजा होऊन रक्तातील पांढऱ्या पेशी घटू शकतात. शिवाय सापाच्या श्वासनलिकेचे तोंड खालच्या जबड्यात अगदी पुढे असते. डॉक्टरांनी तिचा जबडा हलकेच उघडून दाखवला तेव्हा ती लहानशी नळी श्वासागणिक उघडत-मिटत होती. ड्रॉपरचे औषध तेथून थेट फुफ्फुसात उतरू शकते, म्हणून त्यांनी ते बारीक मऊ नळीने अन्ननलिकेत खोलवर सोडले.

त्याआधी अर्थातच त्यांनी ताजी विष्ठा तपासली होती. थोडा भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळला की जंतांची अंडी वर तरंगतात. सूक्ष्मदर्शकाखाली मला पातळ कवचाची अंडी दिसली, आणि त्यांच्या आत वेटोळे करून हलणाऱ्या अळ्या. शेजारीच काही मोठी अंडी होती. ती उंदराच्या केसांतील गोचिडीसारख्या किड्याची असून उंदराबरोबर पोटात जाऊन तशीच बाहेर पडलेली आहेत, त्यांच्यावर औषधाची गरज नाही, असे डॉक्टरांनी समजावले. हा भेद तपासणीशिवाय कळत नाही. फीतकृमी असतील तर प्राझिक्वांटेल लागते, अमिबासाठी मेट्रोनिडाझोल. आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी निघाला तर त्यावर आजही खात्रीचा उपाय नाही. ज्यांच्या घरी कासवही आहे त्यांनी तर आयव्हरमेक्टिन हे जंताचे औषध त्याच्या आसपासही नेऊ नये, कारण कासवाला ते प्राणघातक ठरते.

आमच्या मादीच्या शरीरातील कमी झालेले पाणी आधी भरून काढावे लागले, मग औषध, आणि १४ दिवसांनी दुसरी मात्रा. ओलसर घाणीत त्या अळ्या वाढून पुन्हा सापाच्या अंगात शिरतात, म्हणून पेटीतील नारळाचा भुसा काढून रोज बदलता येईल असा कागद अंथरला. आता ती खाल्लेले पचवते आणि तिचे वजन पुन्हा वाढते आहे.

पुण्याला जाण्याआधी मी येथील दोन दवाखान्यांत विष्ठेची डबी घेऊन गेले होते. दोन्हीकडे ती उघडलीही गेली नाही. गुरांच्या शेणाची तपासणी करणाऱ्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक, काचपट्टी आणि मीठ असतेच, सापासाठी वेगळे काही लागत नाही. पशुसंवर्धन विभागाने कोल्हापुरातील एका तरी शासकीय दवाखान्यात नोंदणीकृत सापांचे नमुने स्वीकारण्याची सोय करावी, आणि अंडी ओळखण्यासाठी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे मार्गदर्शन तेथील डॉक्टरांना मिळवून द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर