वीतभर चित्र

तोक्यो

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या वहीसाठी दोन हजार येनची नोट अखेर मिळाली. २००० साली निघाली, पण इथे कुणाच्या हातात सहसा दिसत नाही. पोस्टाने नको, दिवाळीला घेऊन येते. तिच्या पाठीवर एका जुन्या चित्राचा तुकडा छापलाय. ते चित्र ज्या चित्रमालेतलं, ती काल गोतो संग्रहालयात पाहिली. वर्षातून थोडेच दिवस बाहेर काढतात, उजेडाने रंग उडतात म्हणून.

मुरासाकी शिकिबू या दरबारी बाईंनी हजार वर्षांपूर्वी गेन्जी नावाच्या राजपुत्राची कथा लिहिली, ५४ प्रकरणांची. बाराव्या शतकात तिच्या चित्रगुंडाळ्या झाल्या. आता जेमतेम चौथा हिस्सा उरलाय : १५ चित्रं नागोयात, ४ इथे. उंची वीतभर. घराचं छप्परच काढून टाकलेलं, म्हणजे आपण वरून आत डोकवायचं. डोळे म्हणजे एक रेघ, नाक म्हणजे हुक. असल्या चेहऱ्यांवर दुःख दिसणार कुठे, असं वाटलं होतं मला.

आई, एका चित्रात गेन्जीची लाडकी मुरासाकी (कथेतली, लेखिकेच्याच नावाची) शेवटच्या दुखण्यात आहे. तो समोर बसलाय, चेहरा कोराच. पण बागेतली झुडपं वाऱ्याने पार आडवी झालीत आणि ओसरी इतकी तिरकी, की माणसं घसरतील असं वाटावं. शेजारी मजकुराचं पान. कागदावर सोन्याचांदीचा वर्ख, त्यातली चांदी आपल्या देव्हाऱ्यातल्या निरांजनासारखी काळवंडलेली. अक्षर आधी सुटं, नाजूक. तिचा शेवट जवळ येतो तशा ओळी दाटत जातात, एकमेकींवर चढतात. हे जुनं वळण इथल्या लोकांनाही सहज वाचता येत नाही, मला तर नाहीच. तरी तिथून पाय निघेना.

तुझी हॉस्टेलवर यायची ती अंतर्देशीय पत्रं आठवली. जागा संपली की तू कडेने आडवं लिहायचीस. आजी गेली तेव्हाच्या पत्रात तर दोन ओळी एकीवर एक आल्या होत्या आणि मी मैत्रिणींना दाखवून हसले होते. ते पत्र माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे. वाळवी लागली नसेल तर काढून ठेव गं.

तुमची,
धाकटी