होडी संपते तिथे शहर

गुहागर

प्रिय मित्रा,

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून गोष्ट रंगवायच्या खेळासाठी तू काढलेला काल्पनिक जगाचा नकाशा मिळाला. तीन रात्री भिंतीला लावून बघतोय. रंग सुरेख, अक्षर नेहमीसारखं टपोरं. सगळं असूनही तो खोटा का वाटतो, असं तू विचारलंस. फोनवर हे नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो.

तुझी नदी पठारावर येऊन दुभंगते आणि तिचे दोन फाटे दोन वेगळ्या समुद्रांना मिळतात. नद्या सहसा तशा फुटत नाहीत. त्या एकमेकींना मिळत जातात आणि फुटल्याच तर मुखाशी, गाळात. पण ते खोडरबराचं काम आहे. मला खरं खटकलं ते तुझं बंदर. उघड्या किनाऱ्यावर, मागे दलदल, डोंगराकडे जाणारी वाट नाही. तिथे माल कुठून येतो आणि कुठे जातो?

आपली वाशिष्ठी घे. समुद्राला ती दाभोळला मिळते, पण भरतीचं पाणी आत पार गोवळकोटापर्यंत, म्हणजे चिपळूणच्या वेशीपर्यंत चढतं. गलबतं भरतीवर स्वार होऊन तिथवर यायची. पुढे पात्र उथळ आणि समोर कुंभार्ली घाट. म्हणून माल होडीतून उतरायचा तिथे आणि बैलांच्या पाठीवर चढायचाही तिथेच. राजापूर बघ: खाडीचं टोक आणि वर अणस्कुरा घाट. महाड बघ: सावित्री आणि वरंध घाट. होडी संपते आणि बैल सुरू होतो तिथे बाजार वसतो. मुखाशी किल्ला, टोकाला पेठ, घाटमाथ्यावर जकातीची चौकी. या तिघांचं आपसात पटत नाही एवढं ठरवलंस की तुझ्या कॅम्पेनचं, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या खेळाचं, निम्मं कथानक तयार आहे. त्यासाठी तुला एकही खलनायक शोधावा लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं, किनारा मनाने काढू नकोस, आपलाच घे. २००० सालच्या फेब्रुवारीत नासाच्या यानाने अवकाशातून रडारने जमिनीची उंची मोजली. ती माहिती आज साधारण ३० मीटरच्या चौकटींत फुकट मिळते. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघड आणि समुद्राची पातळी २० मीटर वर घे. खाड्या बोटांसारख्या आत शिरतात, सड्यांची, म्हणजे वरच्या सपाट कातळ-पठारांची, बेटं होतात. रोज हाच किनारा बघणारा मीसुद्धा तो पडद्यावर ओळखू शकलो नाही. मग नावं पुसायची आणि स्वतःची घालायची.

नकाशा उलटा करणार असशील तर एक सांभाळ. मी पहिल्यांदा तो आरशासारखा फिरवला, समुद्र पूर्वेला आला, पण पावसाचे वारे मात्र नैर्ऋत्येचेच ठेवले. माझ्या घनदाट जंगलाला पाणीच मिळेना. समुद्र फिरवलास तर वाराही फिरव. सह्याद्रीची ओली बाजू वाऱ्याकडचीच असते.

नकाशावर अंतर मोजायला आखतात त्या षटकोनाच्या मापाचंही बोलतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे बरेच डीएम, म्हणजे खेळ चालवणारे सूत्रधार, ६ मैलांचा, म्हणजे सुमारे १० किलोमीटरचा षटकोन धरतात, आणि साध्या चालीने दिवसाला २४ मैल. त्या हिशोबाने कोकणाची अख्खी रुंदी दोनेक दिवसांत ओलांडून होते. इथे ते माप कामाचं नाही. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने काही मिनिटांत पोचतो, तेच रस्त्याने जायचं तर खाडीला वळसा घालून चिपळूणकडून यावं लागतं. म्हणून मी षटकोन २ किलोमीटरचा केला आणि अंतराऐवजी वेळ लिहिला, पाण्याने किती, पायाने किती. लढाईच्या नकाशावर १ इंचाचा चौकोन म्हणजे ५ फूट. आपली जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, बहुतेक ठिकाणी एकच चौकोन रुंद भरते. दोघांना शेजारी उभं राहून तलवार चालवता येत नाही. खेळणाऱ्यांना ते कळलं तेव्हा टेबलावर जी शांतता पसरली, ती मला अजून आठवते.

भरतीचा हिशोब आजोबांकडून शिकलो. तिथीची पाऊणपट कर, ढोबळमानाने भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. लहानपणी त्यांच्यासोबत तरीच्या धक्क्यावर बसून पाणी चढायची वाट बघायचो आणि ते बोटांवर तिथ्या मोजायचे. मे महिन्यात आम्ही खेळलो तेव्हा हाच नियम मी जसाच्या तसा लावला. अष्टमीच्या रात्री मंडळी खाडीतून पळाली आणि मध्यरात्री ओहोटीने त्यांची होडी चिखलात बसवली. मागून मशाली येत होत्या. फासा कुणी टाकलाच नाही. सगळे पंचांग मागायला लागले. आजोबा असते तर शेजारी येऊन बसले असते, असं फार वाटलं.

सडा विसरू नकोस. वर उघडा कातळ, पाणी जांभ्यातून झिरपून खाली उतारावर झऱ्याला येतं, म्हणून वाड्या खाली आणि वर शुकशुकाट. त्या शुकशुकाटात कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं. कशेळीचा हत्ती घरापेक्षा मोठा आहे. देवाचे गोठणे इथल्या सड्यावर होकायंत्राची सुई भरकटते. याहून चांगली जागा कुठला डीएम रचणार?

एकच विनंती. गावाची रहाटी, म्हणजे देवराई, नकाशात घे, झाडं घे, तिथला गारवा घे, पण तिथे राक्षस बसवू नकोस. लोक आजही तिथे कौल मागतात. मी ती जागा नेहमी मोकळी सोडतो. खेळणारे आपणहूनच तिथे आवाज खाली आणतात.

सोबत माझ्या खाडीची छापील प्रत पाठवतोय. नावं घातलेली नाहीत. तुझं बंदर कुठे बसेल ते पेन्सिलने खूण करून परत पाठव. आणि दिवाळीत येशील तेव्हा अमावास्येलाच ये. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीनेच ये. पाणी जेटीच्या कुठल्या पायरीला लागलंय ते बघून ठेव. फासे मी आणतो.

तुझाच