तुमची खोली खालीच

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा, तुम्ही गप्प झालात आणि आई, तू घाईघाईने घावनांचा विषय काढलास, तेव्हाच मला कळलं. म्हणून हे सविस्तर लिहायला बसले आहे. हो, नव्या घराचा नकाशा पक्का करून मी कंत्राटदाराच्या हातात दिला आहे आणि त्यात तुमची झोपायची खोली तळमजल्यावर, पूर्वेला आहे. वरची, समुद्राकडची नाही. आधी विचारायला हवं होतं, मान्य आहे. पण विचारलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते, आणि तुळशीचं लग्न उरकताच जोतं धरलं नाही तर मिरगाच्या आत वरचा स्लॅब होत नाही.

आता का ते ऐका. आपल्याकडे चार महिने वारा-पाऊस नैऋत्येकडून येतो. पश्चिम आणि दक्षिण भिंती झड खातात, जांभा पाणी पितो, श्रावणात आतला गिलावा फुगून पापुद्रे सुटतात. पावसाळा सरला की तीच पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि निजायच्या वेळेपर्यंत ऊब सोडत बसते. म्हणून पश्चिमेच्या ओळीत जिना, न्हाणीघर, कोठी आणि मोरी टाकली. तिथे कुणी तासन् तास बसत नाही. माणसांच्या खोल्या सगळ्या पूर्वेला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपली कौलं कुठल्या बाजूने उडाली आणि आपण सगळे कुठल्या खोलीत दाटीवाटीने बसलो होतो, ते आठवा म्हणजे झालं.

मापं लिहिते, बाबा वहीत उतरवून घ्या. घर बाहेरून उत्तर-दक्षिण ३३ फूट, पूर्व-पश्चिम २६ फूट. सगळ्या भिंती नऊ इंची. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना चार भिंती लागतात, म्हणजे तीन फूट चिऱ्यातच गेले. उरले ३०. त्यात तुमची खोली ११, मधली बैठकीची १०, स्वयंपाकघर ९. पूर्व-पश्चिम तीन भिंतींचे सव्वादोन फूट वजा करून पावणेचोवीस उरतात. पुढची, पूर्वेची ओळ सव्वाबारा, मागची साडेअकरा. पुष्कळ जण कागदावर भिंतीची जाडी धरतच नाहीत आणि मग पलंग आत गेल्यावर कपाटाचं दार उघडत नाही.

तुमच्या खोलीत पाच फुटी पलंग भिंतीला डोकं लावून मधोमध येईल आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट मोकळे राहतील. म्हणजे रात्री उठायचं झालं तर एकाने दुसऱ्याला ओलांडायला नको. पुढेमागे काठी किंवा वॉकर लागला (लागू नये, पण लागला) तरी वळायला जागा आहे. पूर्वेच्या खिडकीची उंबरठापट्टी जमिनीपासून दोनच फुटांवर ठेवली आहे, आईला पडल्या पडल्या तुळस दिसेल. दिव्याची बटणं दोन, एक दाराशी आणि एक उशाशी.

न्हाणीघर त्याच खोलीला लागून, पाच बाय आठ. आई, रात्री कंदील घेऊन शेवाळलेलं खळं ओलांडायचं आता बंद. एवढ्या एका गोष्टीसाठी मी बाकी सगळे वाद अंगावर घ्यायला तयार आहे. दार तीन फुटी आणि बाहेर उघडणारं. आत उघडणाऱ्या दारामागे कुणी घसरून पडलं तर दार अडतं आणि बाहेरच्याला आत शिरता येत नाही, म्हणून. उंबरा नाही. लादी खरखरीत, उतार चार फुटांना अर्धा इंच, तोही दाराकडून आतल्या कोपऱ्यातल्या जाळीकडे. गवंड्याला हे दोनदा सांगा, कारण एकदा उलटा उतार बसला की लादी फोडल्याशिवाय इलाज नाही. कमोडच्या बाजूच्या भिंतीत आधाराचा दांडा स्टेनलेसचा. साधा लोखंडी खाऱ्या हवेत दोन पावसाळेही काढत नाही.

न्हाणीघराच्या मागे पावणेतीन फूट पट्टी रिकामी दिसते आणि बाबांना ती वाया गेली असं वाटणार. ती पाइपांची जागा आहे. गळती झाली तर माणूस तिथे उभा राहून पाइप बदलेल, तुमची लादी उखडणार नाही. वरचं न्हाणीघर बरोब्बर खालच्याच्या डोक्यावर आहे, त्यामुळे एकच उभी लाइन दोन्हीला पुरते, आणि वर पाणी झिरपलंच तर ते खालच्या न्हाणीघरात पडेल, अंथरुणावर किंवा पिठाच्या डब्यावर नाही. वरची लादी बसवण्याआधी तिथे तीन दिवस पाणी तुंबवून ठेवायचं आणि खालून छत बघायचं. ओल दिसली तर लादी बसवू द्यायची नाही, कंत्राटदार कितीही घाई करो.

जिना बैठकीच्या खोलीच्या मागे. तिथल्या दहा फुटांत सात जिन्याला आणि तीन मागे मोरीकडे जायच्या वाटेला. मजल्याची उंची दहा फूट, पायरी सहा इंच, म्हणजे वीस चढ. दहा चढले की सव्वातीन फुटांचा टप्पा, मग वळून पुढचे दहा. पायरीची रुंदी अकरा इंच, पाऊल पूर्ण मावतं. एका बाजूच्या नऊ पायऱ्या सव्वाआठ फूट आणि टप्पा सव्वातीन, बेरीज साडेअकरा, मागच्या ओळीची खोली तेवढीच. कंत्राटदार म्हणत होता, टप्प्याखाली संडास काढू. टप्पा पाच फुटांवर, त्यातून स्लॅबचे पाच इंच गेले की डोक्यावर चार फूट सात इंच. बाबांनी वाकून जायचं का? मी नाही म्हटलं. तिथे इन्व्हर्टर आणि नारळ. पाहुण्यांचा संडास मोरीच्या बाजूला, नैऋत्येच्या कोपऱ्यात. पाणी तापवायचा बंबही तिथेच.

आई, आता तुझं. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे, म्हणजे तुझ्या शास्त्रातही बसलं आणि पावसातला वारा धूर घरात ढकलणार नाही हेही साधलं. धूर खेचणारा पंखा पूर्वेच्या भिंतीत. दक्षिणेला लावला तर आषाढात वारा त्याला उलटा फिरवतो आणि फोडणीचा ठसका माजघरभर. शेगडी खिडकीसमोर नको, ज्योत विझते. खिडकीसमोर भांडी घासायची जागा. ओटा गवंडी सवयीने चौतीस इंच बांधेल, तुझ्या उंचीला एकतीस हवा. एवढ्याशा तीन इंचांसाठी तुझा खांदा संध्याकाळी धरतो, दुसरं काही नाही. विळीसाठी कोपऱ्यात दोन बाय तीनचा कट्टा, अठरा इंच उंच, त्यावर विळी आणि शेजारी तू. नारळ खवायला गुडघे मोडून जमिनीवर बसायचं नाही. देवघर मधल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या भिंतीतला तीन फुटी कोनाडा. जिन्याखाली नाही, न्हाणीघराच्या भिंतीला लागूनही नाही. बघून घेतलं आहे.

मधली खोली लहान आहे, हे मलाही टोचतं. पण तिच्या आणि तुमच्या खोलीच्या मधल्या भिंतीत सहा फुटांचा, चार पाखांचा दुमडता दरवाजा ठेवला आहे. गणपतीत तो उघडला की सलग पावणेबावीस फूट होतात, आरतीला सगळा गोतावळा मावेल. एरवी बंद.

जोतं दीड फूट. आपली जागा उताराची, पाणी थांबत नाही, दीड पुरतो. समोर तीन पायऱ्या आणि पडवीच्या कडेने अठरा फुटांचा उतार, फुटाला एक इंच. बाबा, तो तुमच्यासाठी नाही, नारळाची पोती ढकलगाडीवरून चढवायला आहे. तुम्ही त्यावरून गेलात तर हरकत नाही.

आणि झोपाळा. तो राहिला असता तर मी हा नकाशा फाडून टाकला असता. पडवी सात फूट रुंद केली ती त्याच्यासाठीच. पाच फुटी फळी उत्तरेच्या टोकाला आडवी टांगायची, म्हणजे झोका पडवीच्या लांबीत जाईल, भिंतीवर आपटणार नाही. कड्या स्लॅब ओतायच्या आधी बीमच्या सळ्यांत अडकवून घ्यायच्या, सोळा मिलिमीटरच्या सळीच्या. मागाहून भोक पाडून ठोकलेल्या कड्या कुरकुरत सैल होतात. दुपारी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून कौलांमधले कवडसे मोजायचे आणि तुम्ही पायाने हळूच झोका द्यायचात, ती पडवी मला पुन्हा हवी आहे, बाबा. कवडसे नसतील, वर स्लॅब आहे. झोका तोच असेल.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि मधे मोकळी जागा, पावसाळ्यात कपडे वाळवायला. पश्चिमेच्या खिडकीशी तुमची आरामखुर्ची ठेवायची. सकाळी चहा घेऊन वर जा, समुद्र बघा, हवा तेवढा वेळ बसा. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे. फक्त झोपायला खाली या.

आता कामाचं. शनिवारी फक्की मारतील, म्हणजे जमिनीवर पायाची आखणी करतील, तेव्हा बाबांनी दोन्ही कर्ण स्वतः मोजून घ्यायचे. कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन्हीकडे ४२ फूट यायला हवेत. एकात जरी दोन इंच फरक आला तरी चौकोन तिरका आहे, पुन्हा आखायला लावा. सुतळीने नाही, पोलादी टेपने, आणि टेप ताणून. दक्षिणेच्या रातांब्याच्या मुळांवर कुदळ पडू देऊ नका, त्याच्यासाठी घर दोन फूट उत्तरेला सरकवलं आहे. मोजताना उन्हात उभं राहायचं नाही, खुर्ची आणि छत्री न्यायची, आणि बीपीची गोळी आधी घ्यायची, नंतर नाही. आई, तू बघ त्याच्याकडे. आणि तू स्वतः खड्ड्याच्या काठावर जाऊ नकोस, माती भुसभुशीत असते.

पोलादी टेप देवघराखालच्या खणात, वहीच्या मागे आहे. मोजून झालं की मला दोन्ही आकडे फोनवर सांगा.

तुमची,
धाकटी