हिरवी खूण आली, पण इमेज रिस्टोअर झाली नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: बॅकअप सॉफ्टवेअरची इमेज ऐनवेळी रिस्टोअर न झाल्याबाबत

महोदय,

रविवार कारंजाजवळ माझे कर सल्लागाराचे छोटे ऑफिस आहे. दोन वर्षे तुमचे सॉफ्टवेअर पैसे मोजून वापरतो. दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर 'संपूर्ण कॉम्प्युटर'ची इमेज (विंडोजसकट सगळ्याची जशीच्या तशी प्रत) घ्यायची, हिरवी खूण उमटली की शटर ओढायचे, हा नेम.

गेल्या महिन्यात १७ तारखेला कॉम्प्युटरच्या ५०० जीबी हार्ड डिस्कने टकटक करत मान टाकली. २० तारीख जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या मासिक रिटर्नची शेवटची. तरी इमेज आहे म्हणून मी निवांत. ४८० जीबीची एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) आणली, तुमच्या रेस्क्यू पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केले, इमेज निवडली आणि लाल अक्षरे आली: 'नवी डिस्क लहान आहे.' माझा सगळा डेटा ११२ जीबी! सामान अर्ध्या टेम्पोत मावणारे, पण जुने घर मोठे होते म्हणून नव्या घरात शिरू देणार नाही, असला हा न्याय. रिकामी जागा सोडून पार्टिशन (डिस्कवरचा कप्पा) लहान करण्याची सोय तुम्ही दिलेली नाही, आणि हे विकताना कुठे सांगितलेलेही नाही.

हेल्पलाइनवरचे गृहस्थ म्हणाले, "विंडोज नव्याने टाका." नव्यानेच टाकायचे तर इमेज कशाला घेतली?

दुसऱ्या दिवशी १ टीबीची एसएसडी घेतली. इमेज उतरली, पण मशीन बूट होईना, म्हणजे विंडोज सुरूच होईना. शेजारच्या गाळ्यातल्या दुरुस्तीवाल्या पोराने कारण शोधले: तुमच्या 'संपूर्ण कॉम्प्युटर'मध्ये फक्त सी ड्राइव्ह होता, बूटची माहिती ठेवणारे ईएफआय पार्टिशन घेतलेलेच नव्हते. ते असते जेमतेम शंभरेक एमबीचे! त्याने ते नव्याने बनवले, बूटच्या फाइल्स पुन्हा तयार करणारी बीसीडीबूट कमांड चालवली, तेव्हा १९ तारखेला रात्री अकराला विंडोज दिसले. रिटर्न वेळेत गेले, ते त्या पोराच्या कृपेने.

मला लायसन्सचे पैसे, दोन एसएसडींच्या किमतीतला फरक आणि त्या पोराला दिलेली मजुरी परत हवी. शिवाय ईएफआय पार्टिशन आपोआप इमेजमध्ये यावे आणि किती मोठी डिस्क लागेल ते बॅकअप घेतानाच पडद्यावर दिसावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

आपला ग्राहक,
रविवार कारंजा, नाशिक

सोबत: खरेदीच्या तिन्ही पावत्या, मजुरीची पावती, लाल संदेशाचा फोटो