नासर यांचे स्मारक मनोऱ्यात नव्हे, पाण्यात

संपादक महोदय,

इजिप्तच्या सहलीला जाणारी मराठी मंडळी अस्वानच्या उंच धरणाजवळचा कमळाकृती मनोरा अनेकदा ‘नासर यांचे स्मारक’ समजून पाहतात. तो मनोरा इजिप्त-सोव्हिएत मैत्रीचा आहे. अरब राष्ट्रवादाचे नेते गमाल अब्देल नासर यांचे नाव आहे ते धरणामागच्या सुमारे ५०० किलोमीटर लांबीच्या जलाशयाला. जसे जायकवाडीचे पाणी नाथसागर, कोयनेचे शिवसागर. सुदानच्या हद्दीत शिरल्यावर त्याच पाण्याला न्युबिया सरोवर म्हणतात.

अमेरिकेने १९ जुलै १९५६ रोजी धरणासाठी देऊ केलेली मदत मागे घेतली आणि आठवड्याभरात, २६ जुलैला, नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. काम सुरू झाले ९ जानेवारी १९६० रोजी. २८ सप्टेंबर १९७० रोजी ते वारले. उद्घाटन झाले १५ जानेवारी १९७१ ला, त्यांच्या जन्मदिनी.

धरणाची उंची १११ मीटर, पण तळाची रुंदी तब्बल ९८० मीटर. कोयनेच्या भिंतीखाली काळा कातळ आहे. इथे नाईलच्या पात्रात वाळू-गाळाचा फार जाड थर. म्हणून दगड-वाळूचा भराव, मध्ये चिकणमातीचा गाभा आणि त्याखालच्या थरात सिमेंट व मातीचे मिश्रण दाबाने भरून पाझर रोखणारा पडदा, अशी रचना केली.

वाळवंटातल्या या पाण्यातून वर्षाला सुमारे १० अब्ज घनमीटर, म्हणजे साडेतीनशे टीएमसी, नुसते वाफ होऊन जाते. तीन कोयना भरून उरतील एवढे! नाईलचा गाळही जवळजवळ सगळा जलाशयातच बसतो, तोही भिंतीपाशी नव्हे तर वरच्या टोकाला, जिथे प्रवाह मंदावतो. त्यामुळे खालच्या शेतीला रासायनिक खते लागली आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र खाऊ लागला.

या पाण्याखाली न्युबियन लोकांची गावे गेली. दोन्ही देशांत मिळून सुमारे एक लाख माणसे उठवली गेली. इजिप्तमधल्यांना कोम ओम्बोकडे, सुदानमधल्यांना शेकडो किलोमीटर दूर न्यू हल्फाला वसवले. कोयना, उजनी, जायकवाडीचे धरणग्रस्त पाहिलेल्या महाराष्ट्राला हे वेगळे समजावायला नको. नासर यांच्या स्मारकाचा हा भाग धरणावर उभे राहून दिसत नाही.

तो पाहायला अस्वान शहरातले, १९९७ साली उघडलेले न्युबिया संग्रहालय आहे. सहल कंपन्यांनी त्यासाठी दोन तास राखावेत. माहितीपत्रकात मनोऱ्याचे नाव चुकले असेल तर ते दुरुस्त करणे एका ओळीचे काम आहे.

— एक पाटबंधारे अभियंता, कराड