यकृतावरचे डाग पाळणाऱ्यालाही कळू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी बारा वर्षं डुकरं पाळतो. गेल्या वर्षी एका खेपेतली पिल्लं काही केल्या भरेनात. खाणं भरपूर, पण अंगी लागत नव्हतं. केस राठ, पोटं सुटलेली आणि रात्रभर खोकला. हवा बदलली असेल, असं मी धरून चाललो. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध देत होतो, म्हणून जंतांची शंकाच आली नाही.

खरं काय ते कत्तलखान्यात कळलं, तेही मी तिथे उभा होतो म्हणून. यकृतावर दूध सांडून वाळावं तसे पांढुरके डाग होते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते बाजूला टाकलं, दुसरं उचललं, त्यावरही तेच. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "जंतांच्या अळ्या फिरून गेल्यात." पुढे आतडं उघडलं, तर आत वीतभर लांबीचे गोल जंत.

या जंताची अळी आतड्यातून यकृतात, तिथून फुप्फुसात जाते आणि खोकल्याबरोबर घशात येऊन पुन्हा गिळली जाते. पिल्लांचा खोकला तो हाच! ६ ते ८ आठवड्यांत मादी अंडी घालू लागते, दिवसाला लाखाच्या वर. नेहमीच्या जंतुनाशकाला ती अंडी दाद देत नाहीत, जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. मी औषध देऊन जनावरं पुन्हा त्याच फरशीवर सोडत होतो. आता शेड रिकामी झाली की खरवडून, धुऊन, वाफ मारून खडखडीत वाळवतो. व्यायला आलेली मादी साबणाने धुतल्याशिवाय पिलांच्या कप्प्यात नेत नाही.

विष्ठेची तपासणी करावीच. पण अळ्या अजून अंगात फिरत असतील, तर विष्ठेत अंडी दिसत नाहीत. डाग मात्र दिसतात, आणि नवी लागण थांबली तर काही आठवड्यांत बुजतात. म्हणजे डाग दिसले की लागण ताजी, शेडमध्ये अंडी जिवंत.

तपासणारे डॉक्टर प्रत्येक यकृत पाहतातच. किती यकृतांवर डाग होते, एवढा आकडा खेपेच्या पावतीवर लिहून मिळावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी तिथे उभा नसतो, तर आजही खोकल्याचीच औषधं देत बसलो असतो.

आपला,
एक वराहपालक