मोठ्या टायरची तपासणी कोण करणार?

घाटरस्त्यांवर पावसाळ्यात उखडलेली खडी मडगार्डबाहेर आलेल्या रुंद टायरांखालून उडते आणि मागून येणाऱ्या मोटारीच्या समोरच्या काचेला तडा जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली आहे. परंतु खासगी मोटारीची योग्यता तपासणी नोंदणीला १५ वर्षे होईपर्यंत होतच नाही आणि पीयूसी केंद्रावर केवळ धूर मोजला जातो. मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो, हे तर अधिकच धोकादायक आहे. काचेचा भुर्दंड मात्र निरपराध वाहनमालकाला पडतो, कारण विम्याचा दावा केल्यास ‘नो क्लेम बोनस’ (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) जाण्याची भीती असल्याने अनेकजण पदरमोड करूनच काच बदलतात. परिवहन विभागाने पीयूसीच्या वेळीच टायरचा आकार कंपनीने ठरवून दिलेल्या आकाराशी ताडून पाहण्याची व्यवस्था करावी आणि असे टायर बसवून देणाऱ्या दुकानांनाही जबाबदार धरावे.

– एक वाहनचालक, सातारा